इशेनबायची साखर

तोक्तोगुल गावाच्या बाजाराला लागून आमचा टॅक्सीचा थांबा आहे. राजधानीला, बिश्केकला जाणाऱ्या गाड्या तिथूनच सुटतात. एकवीस वर्षं मी त्या थांब्यावर आहे. वयानं सगळ्यांत मोठा, त्यामुळे तिथं माझी जीभ चालते. ती कशी चालायची ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात काच्किन नावाचा ड्रायव्हर होता. त्याला मधुमेह निघाला आणि तो भोळा माणूस आपणहून आम्हाला सांगून बसला. मी त्याचं नाव ठेवलं 'खडीसाखर'. त्याची गाडी रांगेत पुढे आली की मी उतारूंना ओरडून सांगायचो, "खडीसाखरेच्या गाडीत बसू नका हो, घाटात पाऊस लागला तर विरघळेल!" सगळे पोट धरून हसायचे. काच्किनही हसायचा. पण उतारू खरंच बिचकायला लागले. ह्याला चालवताना चक्कर आली तर काय घ्या? चार महिन्यांत त्यानं गाडी विकली आणि सासुरवाडीला मेंढरं राखायला निघून गेला. मला वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही. रांगेतली एक गाडी कमी झाली, एवढंच मनात आलं.

हे सगळं बघणाऱ्यांत इशेनबाय होता. चव्वेचाळीस वर्षांचा, कमी बोलणारा, हात एकदम साफ. आठ वर्षांत त्याच्या गाडीला कधी ओरखडा पडला नाही. गेल्या हिवाळ्यात तो झरझर वाळला. बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायचा आणि दर तासाला भिंतीमागे जायचा. आम्ही म्हणालो, दुसरी बाई ठेवलेली दिसते, बायको उपाशी ठेवते बहुतेक. तो हसून घ्यायचा.

त्याला काय झालं होतं ते मला मागाहून कळलं. थोडं त्याच्याकडून, बरंचसं त्याच्या बायकोकडून, कुलुइपाकडून. जानेवारीत साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, म्हणून एप्रिलमध्ये दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू केलं. पेनासारखी सुई, पोटात टोचायची. बाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, की टोचल्यावर अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे. हात थरथरले, घाम फुटला, की लगेच साखर तोंडात टाकायची, विचार करत बसायचं नाही, कारण साखर उतरली की विचार करणारं डोकंच आधी बंद पडतं. "आणि ज्यांच्याबरोबर दिवस काढता त्यांना सांगून ठेवा," बाई म्हणाल्या होत्या.

"सांगतो," इशेन म्हणाला.

बाहेर आल्यावर कुलुइपानं विचारलं, "थांब्यावर सांगणार ना?"

"काच्किनचं काय झालं पाहिलंस ना?" तो म्हणाला. "एक शब्द काढू नकोस."

तिनं मग साखरेचे खडे कागदात गुंडाळून गाडीच्या पुढच्या कप्प्यात, कागदपत्रांखाली ठेवले. पेन तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. सकाळची सुई बाजारातल्या संडासात कडी लावून घ्यायचा, मग आमच्या नकळत खाणावळीत जाऊन पोटभर खायचा, आणि मग गाडी लावायचा. दीड महिना असा बिनबोभाट गेला.

मे महिन्याच्या शेवटी माझ्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. सुटा भाग बिश्केकलाच मिळणार होता. सकाळी सातला मी थांब्यावर गेलो, तर इशेनची गाडी पहिली आणि तीन उतारू आधीच बसलेले. मागे खिडकीशी बुरुलचा नावाच्या साठीच्या बाई, आमच्याकडे थोरल्या बाईला 'एजे' म्हणतात, डोक्याला रुमाल, मांडीवर डब्यांची पिशवी. मध्ये ऐझिरेक नावाची तरुण पोरगी, कडेवरच्या लेकीला घेऊन. पलीकडे तोलोगोन, पस्तिशीचा, एके काळचा कुस्तीगीर, सगळी सीट त्यानंच भरलेली. इशेन मात्र खाणावळीच्या दाराशी होता. त्याच्यापुढे खिरीचा वाडगा नुकताच आला होता.

"उठ रे," मी म्हणालो. "चौथा मी. गाडी भरली."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, फुकट न्यावं लागणार म्हणून.

"दोन घास खातो, अके. दहा मिनिटं." थोरल्या माणसाला आम्ही 'अके' म्हणतो.

"घरी बायको खायला घालत नाही का? सुट्या भागांचं दुकान एकला बंद होतं. चल, वाटेत चिचकानच्या दरीत खा. मीच खाऊ घालतो."

तिथं आणखी दोघं ड्रायव्हर चहा पीत होते, तेही हसले. इशेननं वाडग्याकडे पाहिलं, दोन घोट चहा घेतला आणि उठला. सुई टोचून त्याला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. हे आज मला ठाऊक आहे.

आमच्याकडे रस्त्यानं उजव्या बाजूनं चालायचं, आणि इशेनची गाडी जपानहून आलेली, स्टेअरिंगही उजवीकडेच. अशा गाडीत ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसतो. पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते डावीकडे बसलेल्याला आधी दिसतं. त्यामुळे पुढे बसणाऱ्यानं 'जा' किंवा 'थांब' म्हणायचं, अशी रीतच आहे. त्या दिवशी ते काम माझं होतं.

आठ वाजता बुरुलचा एजेंच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी डबा उघडला. उकडलेलं अंडं, भाकरी, काकडी.

"आता कुठं निघालो, एजे, एवढ्यात भूक?" मी मागे वळून म्हणालो.

"भूक नाही, वेळ झाली. मला साखर आहे," त्या म्हणाल्या. जसं कुणी म्हणावं, मला दोन मुली आहेत. मग त्यांनी भाकरी मोडून पुढे केली. "घ्या सगळ्यांनी."

पुढे आलेल्या भाकरीला आम्ही नाही म्हणत नाही. निदान तोंडाला लावावीच लागते. इशेननं भाकरी घ्यायला हात मागे लांबवला. त्यानं तुकडा बराच मोठा धरला होता, मी पाहिलं. मी म्हणालो, "हळू! एजेंच्या औषधातली भाकरी आहे ती, तुझ्यासाठी नाही." त्यानं नखाएवढा तुकडा तोडला आणि बाकीचा सोडून दिला.

मला तर खुमखुमी आलेली. मी म्हणालो, "आमच्या थांब्यावरपण एक होता, एजे. खडीसाखर." आणि काच्किनची सगळी गंमत रंगवून सांगितली, पावसात विरघळण्यासकट. तोलोगोन हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसला इशेन.

एजे हसल्या नाहीत. "कुठं असतो तो आता?"

"कोण जाणे."

"डोळे शाबूत आहेत का त्याचे? पाय?"

मी पुढे तोंड केलं. सकाळी सकाळी अशा बायकांच्या नादी कोण लागतो?

साडेआठला दरीत शिरलो आणि गाड्यांची रांग लागली. पुढे दरड कोसळली होती. बुलडोझर निघालाय म्हणाले. खाणावळ दरडीच्या पलीकडे, तीन किलोमीटरवर.

अडीच तास आम्ही तिथं होतो. त्या अडीच तासांचा हिशेब मी नंतर पुन्हापुन्हा करून पाहिलाय.

पहिला तास बरा गेला. मग इशेन म्हणाला, "अके, जरा पाय मोकळे करून या की."

"माझे गुडघे दुखतात. बसलोय तेच बरं."

थोड्या वेळानं परत, "नदीवर तोंड धुऊन या, गार वाटेल."

"तुला माझी अडचण होते का रे?" मी म्हणालो. टोपी डोळ्यांवर ओढून पडून राहिलो. कप्पा माझ्या गुडघ्यांसमोर होता. माझा डोळा लागलाय असं समजून त्यानं हळूच हात लांब केला, कप्पा उघडला, कागद चाचपले. मी टोपीखालून म्हणालो, "काय हुडकतोस? बाटली लपवलीस का तिथं?"

"रुमाल," तो म्हणाला, आणि कप्पा लावून टाकला.

मग तो गाडीतून उतरून मधवाल्यांकडे गेला. दरीत रस्त्याच्या कडेला मधाच्या बरण्या मांडलेल्या असतात. एका म्हातारीनं त्याला चव बघायला चमचाभर दिला. तो त्यानं चाटला आणि चमचा परत पुढे केला. तोलोगोन तिथंच होता, सासुरवाडीला न्यायला तीन लिटरची बरणी घेत होता. "काय शेठ, फुकटात नाश्ता उरकता का?" तो म्हणाला. इशेननं चमचा ठेवला. त्या एका चमच्यानं बहुधा त्याला आणखी अर्धा तास मिळाला असेल. चार पावलांवर एजे दगडावर बसलेल्या, मांडीवर अन्नानं भरलेली पिशवी. मागितलं असतं तर त्यांनी सगळी दिली असती. पण त्यांच्याकडे मागायचं म्हणजे आमच्या देखत मागायचं.

अकराला रस्ता खुला झाला. अडीच तास अडकलेले सगळे एकदम सुटले. भोंगे, शिव्या, धूळ. खाणावळ आली तशी इशेननं गाडी हळू केली.

"आता कसला थांबतोस!" मी म्हणालो. "ह्या सगळ्या गाड्या पुढे गेल्या की घाटापलीकडच्या बोगद्याला रांग लागेल. घाट उतरलो की सुसामिरला खा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मागच्यानं भोंगा वाजवला. इशेननं पाय दाबला आणि खाणावळ मागे गेली.

अला-बेल घाटाचा चढ लागला. वर थंडी असते, कडेला गेल्या हिवाळ्यातला बर्फ ढिगानं पडून होता. त्यातून मेंढरांचे कळप कुरणांवर चढत होते, रस्ता भरून. इशेननं काच उतरवली.

"काच लावा हो, बाळ आहे," ऐझिरेक मागून म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सदऱ्याची कॉलर भिजली होती. तो सारखा जांभया देत होता. गिअर चुकला, गाडी आचके देऊन बंद पडता पडता राहिली. आठ वर्षांत त्याचा गिअर चुकलेला मी पाहिला नव्हता.

"काय रे, बरं आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. जरा वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, परत म्हणाला, "आहे."

माझ्या डोक्यात आलं, मधवाल्यांकडे जाऊन हा घेऊन आला. मी पुढे वाकून वास घेतला. वास नव्हता. खरं सांगतो, नव्हता. तरी मी मनात म्हणालो, प्यायलाच.

पुढे कोळशाचा ट्रक रांगत चालला होता. इशेन त्याच्या बुडाला जाऊन चिकटला.

"थांब," मी म्हणालो. समोरून एक टँकर उतरत होता.

इशेननं गाडी बाहेर काढली.

"थांब म्हणतोय ना! इशेन! आत घे!"

त्यानं माझ्याकडे मान वळवली आणि हसला. फार गोड हसला. "दार उघडं आहे का?" त्यानं विचारलं.

टँकर माझ्या बाजूनं येत होता. त्याचा भोंगा, ऐझिरेकची किंकाळी, तोलोगोनची शिवी, सगळं एकत्र ऐकू आलं. मी स्टेअरिंगवर झडप घातली, जोर लावून उजवीकडे ओढलं आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक खेचला. गाडी ट्रकच्या मागे सरकली, गर्रकन अर्धी फिरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली. टँकर आम्हाला घासल्यासारखा गेला. आरशाचा तुकडा माझ्या मांडीवर येऊन पडला.

मग बाळ रडायला लागलं.

इशेनच्या बाजूचं दार बर्फात रुतलं होतं. तोलोगोननं त्याला माझ्या बाजूनं काखेत धरून बाहेर ओढला आणि उभा करून थोबाडीत मारली. "दारू पिऊन लेकराबाळांना मारायला निघालास, हरामखोरा?" इशेननं हात फिरवला, तो कुणालाच लागला नाही. जीभ जड झालेली, शब्द कळेनात. तोलोगोननं दुसरी मारली. ऐझिरेकनं एका हातानं लेकीला छातीशी धरलेलं आणि दुसऱ्या हातानं फोन. ती चित्रण करत होती. "दाखवते मी पोलिसांना! सगळ्या गावाला दाखवते!"

"प्यायलाय," मीही म्हणालो. "मला मघाशीच कळलं होतं."

बुरुलचा एजे गाडीतून शेवटी उतरल्या. कपाळाला खोक पडली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या तोलोगोनच्या हाताखालून आत घुसल्या आणि इशेनच्या मानेला हात लावला.

"सोड त्याला."

"एजे, तुम्ही बाजूला व्हा, प्यायलेला..."

"प्यायलेल्याच्या तोंडाला वास येतो. ह्याच्या येतोय? घे ना वास!" मग माझ्याकडे वळल्या. "हा सकाळपासून काय जेवला?"

"दोन घोट चहा..." मी म्हणालो.

त्यांनी इशेनचे खिसे चाचपायला सुरुवात केली. आतल्या खिशातून ते पेन निघालं. त्यांनी ते सगळ्यांसमोर धरलं. मला वाटलं लिहायचं पेन आहे.

"इन्सुलिन आहे, गाढवांनो! उपाशी पोटी टोचलंय ह्यानं. साखर उतरली आहे. मध काढ! तुझी बरणी!"

तेवढ्यात तोलोगोनच्या हातातून इशेन रस्त्यावर घसरला. डोळे अर्धे उघडे, दात घट्ट आवळलेले, हातपाय झटके खात होते. तोलोगोन डिकीकडे पळाला. बरणीचं झाकण निघेना. शेवटी त्यानं झाकणासकट बरणीचं तोंड दगडावर फोडलं.

"काचेजवळचा नको, मधोमधचा घे, मधोमधचा!" एजे ओरडल्या. त्यांनी इशेनला कुशीवर वळवलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी ती उडवून लावली. "पाणी नको! ठसका लागून इथंच मरेल. काही ओतायचं नाही तोंडात." बोटानं थोडासा मध घेऊन त्यांनी त्याच्या गालाच्या आत, हिरडीला चोळला. परत थोडा. परत थोडा. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो. माझ्या हातांना त्याचा गार घाम लागत होता. ऐझिरेकनं फोन कधी खाली केला, कळलं नाही. वरून एक कळप येऊन आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला.

एजेंनी पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढून त्याच्या बोटाला टोचलं. "दोन पूर्णांक एक," त्या म्हणाल्या. "ह्या यंत्रात चारच्या खाली धोका असतो."

"मरेल का, एजे?" तोलोगोननं विचारलं. तो रडत होता.

"गप बस आणि दवाखान्याच्या गाडीला फोन लाव."

फोनला त्या वळणावर रेंज नव्हती. ऐझिरेक लेकीला माझ्याकडे देऊन वरच्या वळणाकडे धावत गेली. परत आली तेव्हा तिनं सांगितलं की गाडी सुसामिरहून निघेल, पण पाऊण तास लागेल.

इशेनला शुद्धीवर यायला पाऊण तास लागला नाही. दहा-बारा मिनिटांनी इशेननं ओठ चाटले. मग गिळलं. मग डोळे फिरवून आकाशाकडे पाहिलं आणि एखादं लहान मूल झोपेतून उठावं तसा रडवेला झाला. एजेंनी त्याला बसता केला, चमच्यानं मध भरवला, परत टोचून पाहिलं. तीन पूर्णांक चार. मग भाकरी दिली. ह्या वेळी त्यानं अख्खी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून खाल्ली.

त्याची नजर एकेकावर फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"अके," तो म्हणाला, "थांब्यावर सांगू नका."

मी त्याच्या हनुवटीवरचा मध पुसला.

"प्यायलो होतो म्हणून सांगा," तो म्हणाला. "ते चालेल."

बुरुलचा एजेंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळची काच्किनची गोष्ट त्यांनी ऐकली होती, त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. "साखरेचे खडे नव्हते का रे तुझ्याजवळ?" त्यांनी इशेनला विचारलं.

"होते. कप्प्यात."

"मग?"

मी उठलो, गाडीत वाकून कप्पा उघडला. कागदपत्रांखाली कागदाची पुडी होती. कुलुइपानं वरून दोरा बांधला होता, खडे सांडू नयेत म्हणून. अडीच तास ती माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर होती.

दवाखान्याची गाडी आली, त्यांनी तपासलं, सलाईन लावलं, तासभर थांबवलं. एजेंच्या कपाळाला पट्टी बांधली. नंतर आम्ही सगळ्यांनी ढकलून गाडी बर्फातून काढली. मी चालवायला बसलो. डावीकडे एजे. इशेन मागे, तोलोगोन आणि ऐझिरेकच्या मध्ये. तोलोगोन दर दहा मिनिटांनी त्याला विचारायचा, "बरं वाटतंय ना, भावा? खातोस का काही?" शेवटी इशेन म्हणाला, "मारलंस तेव्हा एवढी काळजी असती तर दात हलला नसता." ऐझिरेक फसकन हसली. मला हसू आलं नाही.

उतारावर एजे बोलल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मी तीन वर्षं सुनांपासून लपवलं. पाहुण्यांत बसायचं, कुणी साखरेचा चहा दिला की प्यायचा, कुणी तळलेलं वाढलं की खायचं. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल ना! पायाची दोन बोटं गेली तेव्हा सगळ्यांना आपोआप कळलं." त्या जरा थांबल्या. "आता दर गुरुवारी आम्ही सात जणी जमतो. यंत्र एकच आहे, ते फिरवतो. एकमेकींना शिव्या देतो. काल काय खाल्लंस गं, खरं सांग, असं. एकटीनं होत नाही ते. मला तरी झालं नाही."

बिश्केकला पोहोचलो तेव्हा सुट्या भागांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं.

पुढचे चार दिवस इशेन थांब्यावर आला नाही. पोरांनी विचारलं, "घाटात काय झालं म्हणे?" मी म्हणालो, "टायर घसरला." पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. कुलुइपा दारातच उभी राहिली. आमच्यात दारात आलेल्याला कुणी असं थोपवत नाही.

"आता काय नवं नाव आणलंत, शार्शेनअके?" ती म्हणाली. "खडीसाखर तर वापरून झालं."

मी मान खाली घातली. "त्याला भेटू दे."

"तुम्हाला ठाऊक आहे, हा माणूस संडासात सुई घेत होता? घाणीत उभं राहून? तुमच्या भीतीनं?" तिचा आवाज चिरकला. "रोगाला नाही घाबरला हो तो. मी त्याला म्हणायचे, सांग, सांग. तर म्हणायचा, आधी शार्शेनअके म्हातारे होऊन घरी बसू देत."

तिनं मला आत घेतलं, चहा दिला, माझ्यापुढे साखरेची वाटी जरा आपटूनच ठेवली. इशेन आतून आला. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिनचं माप बदललं होतं आणि तीन महिने उतारू न्यायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. तो भावाच्या दुकानात टायर दुरुस्त करायला जाणार होता.

मी म्हणालो, "मी थांब्यावर माझं मी सांगणार आहे. तुझं तू सांग, नाहीतर नको सांगू."

त्यानं बशीतल्या भाकरीचा तुकडा मोडला. "शनिवारी येतो," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी सगळे जमलेले असताना मी माझं सांगितलं. काच्किनचं, खिरीच्या वाडग्याचं, कप्प्याचं. बोलायला उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं सोपं जाईल, गेलं नाही. मग इशेननं शर्ट वर करून सगळ्यांसमोर पोटात सुई टोचली आणि खाणावळीत जाऊन बसला. दोघं खी खी करून हसले, तोंड फिरवून. कुणीतरी म्हणालं, "आता घाटात ह्याच्यासमोर येणाऱ्यांनी कलमा म्हणून निघायचं." तो मी नव्हतो, पण माझ्याच शाळेतला होता. पण नंतर एक जण, त्याचं नाव सांगत नाही, इशेनच्या शेजारी जाऊन बसला आणि हळू आवाजात विचारू लागला, की फार तहान लागणं ही काय नक्की त्याचीच खूण असते का.

सप्टेंबरात इशेन परत गाडी चालवायला लागला. किल्ली फिरवायच्या आधी बोट टोचून बघतो. आकडा कमी असला तर खातो आणि अर्धा तास थांबतो. उतारू कितीही ओरडले तरी थांबतो. काही जण उतरून मागच्या गाडीत जातात. महिन्यातून दोन-तीन फेऱ्या त्याच्या अशा बुडतात. साखरेचे खडे आता समोर, काचेखाली, उघड्यावर असतात.

माझ्याशी तो बोलतो. माझ्या नातवाच्या बारशालाही आला होता. पण त्या दिवसापासून त्यानं मला त्याच्या गाडीत पुढे बसू दिलेलं नाही. एकदा मी विचारलंच, अजून राग आहे का म्हणून.

"राग नाही, अके," तो म्हणाला. "पण तुम्ही शेजारी असलात की माझा हात अजून अडखळतो. मी काय करू?"

मी मागचं दार उघडलं आणि मागे बसलो. उतारूंमध्ये एक तरुण मुलगा घाई करत होता, विमान चुकेल म्हणत होता. इशेन भाकरी चावत होता. आम्ही थांबलो.